पायऱ्यांवरील जनघोष : ब्रिटिश फुटबॉल-क्रीडांगणांतील ध्वनी आणि वास्तू

क्रीडेच्या इतिहासाची साधने विपुल आहेत. सामन्यांचे निकाल, प्रेक्षकांची संख्या, प्रवेशद्वारावर जमलेले उत्पन्न, क्रीडांगणांचे आराखडे आणि वृत्तपत्रांतील वर्णने यांची ब्रिटनमध्ये तरी वाण नाही. या सामग्रीत एका गोष्टीचा मागमूस मात्र सहजासहजी लागत नाही. ती म्हणजे ध्वनी. दीड लाख माणसे एका ठिकाणी जमून दोन तास ओरडत होती, एवढे कागदावर राहते. ते ओरडणे कसे होते, कोठून उठत होते, कोणाच्या कानी पडत होते आणि ऐकणाऱ्याने त्याचा काय अर्थ केला, हे राहत नाही. त्यामुळे क्रीडांगणातील जनघोष हा केवळ भावनेचा उद्रेक होय, त्याला इतिहास असा काही नाही, अशी समजूत रूढ झाली आहे. ती बरोबर नाही. भावना आदिम असेल. परंतु तिला नाद देणारी वास्तू माती, राख, लाकूड आणि पत्रा यांची केलेली असते. ती कोणीतरी, कोणत्यातरी वर्षी, काही हिशेबाने बांधलेली असते. आणि तीत कोणी, किती पैसे देऊन, उभे राहावे की बसावे, हेही कोणीतरी ठरविलेले असते. ब्रिटिश फुटबॉलच्या, आणि त्यातही लिव्हरपूल येथील ॲनफील्ड क्रीडांगणाच्या इतिहासावरून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

या इतिहासाचा आरंभ एका दुर्घटनेपासून करणे युक्त ठरेल. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगो येथील आयब्रॉक्स क्रीडांगणावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा सामना चालू असता पश्चिमेकडील उंच पायऱ्यांचा एक भाग खचला. लोखंडी सांगाड्यावर लाकडी तुळया आणि फळ्या टाकून या पायऱ्या केलेल्या होत्या. लाकूड मोडले आणि त्यावर दाटीने उभी असलेली माणसे पोकळीतून खाली कोसळली. २५ जण मृत्यू पावले आणि पाचशेहून अधिक जखमी झाले. सामना काही वेळ थांबविण्यात आला आणि नंतर तो पुढे खेळविण्यातही आला. क्रीडांगणाचा आराखडा आर्चिबाल्ड लीच या ग्लासगोच्याच अभियंत्याचा होता. या प्रसंगाने लीचची कारकीर्द संपली असती तर नवल नव्हते. प्रत्यक्षात पुढील तीन दशकांत ब्रिटनमधील बहुतेक प्रमुख क्रीडांगणांवर त्याच्याच हाताची खूण उमटली. बदलली ती बांधण्याची रीत. उभ्या प्रेक्षकांसाठी अधांतरी लाकडी सांगाडे उभारण्याऐवजी माती, राख व कचखडी यांचे भक्कम भराव घालून त्यांवर पायऱ्या बसविण्याची पद्धत सर्वत्र मान्य झाली.

हा बदल सुरक्षिततेसाठी झाला, नादासाठी नव्हे. तथापि नादावर त्याचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. पोकळीवरची लाकडी फळी पायांच्या आघाताने वाजते. ती स्वतःच एक प्रकारचे चर्मवाद्य असते. मातीचा भराव मुका असतो. त्यावर हजारो पाय आपटले तरी धूळ उडते, ध्वनी उठत नाही. उभ्या प्रेक्षकाचा आवाज अशा रीतीने पायांकडून कंठाकडे आला, असे म्हणण्यास हरकत नाही. शिवाय भराव घालणे स्वस्त असल्यामुळे त्याचा आकार कितीही वाढविता येई. एका टोकाला पन्नास-साठ पायऱ्या रचून त्यांवर वीस-पंचवीस हजार माणसे उभी करणे लीचच्या काळात प्रथमच सुकर झाले.

ग्लासगोतच १९०३ मध्ये सुरू झालेले हॅम्डेन पार्क हे या भरावांचे सर्वांत भव्य उदाहरण. १७ एप्रिल १९३७ रोजी तेथे झालेल्या स्कॉटलंड–इंग्लंड सामन्याला १,४९,४१५ प्रेक्षक होते अशी अधिकृत नोंद आहे, आणि त्यांतील बहुतेक उघड्या आकाशाखाली उभे होते. ‘हॅम्डेनची गर्जना’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत आजही रूढ आहे. परंपरा त्याचे मूळ १३ एप्रिल १९२९ च्या सामन्यात शोधते. स्कॉटलंडचा ॲलेक्स जॅक्सन जखमी होऊन बाहेर गेला होता आणि उरलेले दहा खेळाडू इंग्लंडला कसेबसे थोपवीत होते. अगदी अखेरीस ॲलेक चेन याने कोपऱ्यावरून मारलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता गोलात शिरला. असा थेट गोल ग्राह्य धरण्याचा नियम १९२४ मध्येच झालेला होता. त्यानंतर जो घोष उठला तो सामना संपेपर्यंत थांबला नाही, असे सांगतात. या आख्यायिकेतील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. लोकांनी स्मरणात ठेवली ती गर्जनेची तीव्रता नव्हे, तर तिचे अखंडत्व होय.

ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ही स्मृती अगदी योग्य आहे. माणसे वाढली म्हणजे आवाज त्याच प्रमाणात वाढतो असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तसे घडत नाही. ध्वनीची पातळी ज्या डेसिबेल या एककात मोजतात ते लॉगरिथमच्या पायावर रचलेले आहे. सारख्याच जोराने पण आपापल्या लयीने ओरडणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली तर पातळी सुमारे ३ डेसिबेलने वाढते. दसपट झाली तर १० डेसिबेलने. आणि १० डेसिबेलची वाढ मानवी कानाला साधारणपणे दुप्पट आवाजासारखी भासते. म्हणजे पंधरा हजारांच्या ठिकाणी दीड लाख माणसे आणून उभी केली तरी मैदानाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या खेळाडूला आवाज फार तर दुप्पट झाल्यासारखा वाटेल. आणि नव्याने आलेली माणसे मागच्या पायऱ्यांवर, अधिक दूर उभी राहणार हे जमेस धरले तर तेवढाही नाही. संख्येमुळे खरोखर वाढते ते सातत्य. दोन-चार हजारांच्या समुदायात श्वास घेण्यासाठी आवाज पडतो. लाखभरांच्या समुदायात कोणी ना कोणी नेहमीच ओरडत असतो. हॅम्डेनने ब्रिटनला अखंड गर्जना दिली. गर्जनेचे गाणे होण्यासाठी आणखी एका गोष्टीची आवश्यकता होती, आणि ती म्हणजे छप्पर.

या ठिकाणी ॲनफील्डकडे वळले पाहिजे. १९०६ मध्ये लिव्हरपूल संघाने दुसऱ्यांदा लीगचे विजेतेपद मिळविले. त्याच वर्षी मैदानाच्या एका टोकाला भरावाचा मोठा चढ रचण्यात आला. अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक क्रीडा-पत्रकाराने त्याला ‘स्पायॉन कॉप’ असे नाव सुचविले आणि तेच ‘कॉप’ या संक्षिप्त रूपाने रूढ झाले. हे नाव दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातल्या एका टेकडीचे. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात त्या टेकडीवर ब्रिटिश सैन्याचा दारुण पराभव झाला आणि लँकेशायरच्या पलटणींतील पुष्कळ सैनिक तेथे कामास आले. भारतीय वाचकाला या टेकडीचे नाव अन्य कारणाने परिचित असेल. मोहनदास करमचंद गांधी यांनी उभारलेले भारतीय शुश्रूषापथक याच रणभूमीवरून जखमींना डोल्यांत घालून वाहून नेत होते. फुटबॉलच्या मैदानातील चढांना हे नाव देणारे लिव्हरपूल पहिले नव्हे. लंडनच्या वुलिच आर्सेनल संघाच्या मैदानाबाबत ते १९०४ मध्येच वापरले गेले होते. परंतु नाव टिकले, आणि त्याला अर्थ आला, तो लिव्हरपूलमध्ये. एका पराभवाच्या स्मारकावर उभे राहून दर शनिवारी विजयाचा घोष करावयाचा, या विसंगतीची कॉपवरील कोणाला खंत वाटल्याचे दिसत नाही.

१९२८ मध्ये कॉपचा विस्तार करून त्यावर छप्पर घालण्यात आले. सुमारे तीस हजार माणसे एकाच छपराखाली उभी राहू शकतील अशी ती वास्तू झाली. हेतू पावसापासून संरक्षणाचा होता, आणि लिव्हरपूलच्या हवेचा विचार करता तो योग्यच होता. मात्र नकळत एक महत्त्वाची गोष्ट घडली. ती समजण्यासाठी वॉलेस सेबाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कार्याचा उल्लेख करावा लागतो. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले शब्द प्रतिध्वनींत बुडून जात. त्यावर उपाय शोधण्याचे काम तरुण सेबाइनवर सोपविण्यात आले. जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या उशा रात्री वाहून आणावयाच्या, ऑर्गनची नळी वाजवावयाची, आणि ध्वनी विरून जाण्यास किती काळ लागतो हे घड्याळाने मोजावयाचे, असा त्याचा क्रम होता. यातून निनादकालाचे सूत्र निघाले. ध्वनिशोषणाचे माप म्हणून सेबाइनने ‘उघडी खिडकी’ हे एकक घेतले; कारण खिडकीतून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणजेच तिचे शोषण संपूर्ण असते.

या व्याख्येने पाहिल्यास छपराविना असलेले फुटबॉलचे मैदान म्हणजे काही एकरांची एक उघडी खिडकीच होय. हॅम्डेनच्या पायऱ्यांवरून उठलेल्या आवाजाचा मोठा हिस्सा सरळ आकाशात जाई. मैदानावरील हिरवळ आणि माणसांची अंगे व लोकरीचे कोट हेही उत्तम शोषक. कॉपवर पत्र्याचे छप्पर आल्याबरोबर वर जाणारा ध्वनी खाली आणि पुढे, मैदानाकडे, परावर्तित होऊ लागला. खेळाडूला त्याचा लाभ वा त्रास किती झाला हा एक भाग. त्याहून मोठा परिणाम असा, की कॉपवरील प्रेक्षकाला स्वतःच्या समुदायाचा आवाज ऐकू येऊ लागला. उघड्यावर उभा असलेला माणूस आपल्या शेजारच्या दहा-वीस जणांचा आवाज ऐकतो. छपराखाली उभ्या असलेल्याला मागच्या-पुढच्या हजारोंचा ऐकू येतो. आणि समूहाने गाण्यासाठी पहिली अट हीच असते.

तरीही ते गाणे लगेच आले नाही. युद्धपूर्व काळात आणि युद्धोत्तर पहिल्या दशकात ब्रिटिश मैदानांवरील आवाज म्हणजे आरोळ्या, घंटा आणि मुठीत धरून फिरवावयाचे लाकडी खुळखुळे. नॉरिचसारख्या काही संघांची जुनी गीते होती. परंतु नव्वद मिनिटे पायऱ्यांवरून गाणी उठत आहेत असा प्रकार नव्हता. तो १९६० नंतर लिव्हरपूलमध्ये आला, आणि त्यात एका यंत्राचा वाटा आहे. सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून त्या आठवड्यातील लोकप्रिय ध्वनिमुद्रिका वाजविल्या जात. नेमके याच काळात लिव्हरपूल हे तरुण गायकवृंदांचे गाव म्हणून जगभर गाजू लागले होते. वाजणाऱ्या मुद्रिका गावातल्याच मुलांच्या. तेव्हा त्या सोबत गाणे ओघानेच आले. १९६३ च्या शरदात ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ या लिव्हरपूलच्याच वृंदाने गायिलेले ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गीत लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी होते. मूळ गीत रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांच्या ‘कॅरोसेल’ या १९४५ च्या अमेरिकन संगीत-नाटकातले. यादीतून ते पुढे उतरले; कॉपवरून मात्र उतरले नाही.

हेच गीत का टिकले याची भावनिक कारणे अनेकांनी दिली आहेत. एक कारण केवळ भौतिक आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, थंडीत थोडा कमी. कॉपची रुंदी शंभर मीटरांहून अधिक. तेव्हा एका कोपऱ्यातील गायकाचा स्वर दुसऱ्या कोपऱ्यात पोचण्यास सुमारे एक तृतीयांश सेकंद लागे. समोरच्या टोकापर्यंत त्याहूनही अधिक. द्रुत लयीच्या गीतात एवढा विलंब म्हणजे जवळजवळ एक मात्रा. अशा गीताचा विस्तीर्ण पायऱ्यांवर काही क्षणांत गोंधळ होतो. संथ लयीच्या, दीर्घ स्वरांवर रेंगाळणाऱ्या गीतात मात्र हा विलंब लपून जातो. किंबहुना मागून येणाऱ्या स्वरांमुळे नादाला एक भरदारपणा येतो. संचलक नाही, तालवाद्य नाही, आणि गाणारे वीस-पंचवीस हजार. अशा स्थितीत कॉपने निवडलेले गीत हेच गाण्याजोगे होते. द्रुत गोष्टींसाठी टाळ्यांचे लहान लहान बोल आणि दोन-तीन अक्षरांच्या घोषणा वापरल्या जात, आणि त्या अनेकदा पायऱ्यांच्या एखाद्या भागापुरत्याच राहत.

एप्रिल १९६४ मध्ये लिव्हरपूलने आर्सेनलचा ५-० असा पराभव करून लीगचे विजेतेपद मिळविले. त्या सुमारास बी.बी.सी.च्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमासाठी कॉपचे चित्रण झाले. पडद्यावर दिसतो तो डुलणारा, बीटल्सची गाणी एका सुरात गाणारा समुदाय; आणि निवेदक तो दाखविताना मानवशास्त्रज्ञांना दक्षिण समुद्रातील बेटांइतकी समृद्ध लोकसंस्कृती येथे आढळेल असे काहीसे सांगतो. या तुलनेत कौतुक आहे आणि अंतरही आहे. कॉपवर उभे राहणारे बहुतेक लोक गोद्यांतले आणि कारखान्यांतले कामगार, त्यांची मुले. तेथील तिकीट सर्वांत स्वस्त असे. आपल्याच देशातील कामगारांकडे परद्वीपस्थांप्रमाणे पाहण्याची ती दृष्टी होती. पण निदान त्या वर्षी ऐकणाऱ्याने त्या आवाजाला संगीत मानले.

पुढील दोन दशकांत हा श्रोता बदलला. मारामाऱ्या वाढल्या, मैदान आणि पायऱ्या यांच्यामध्ये उंच जाळ्या उभारण्यात आल्या, पायऱ्यांचे कुंपणांनी कप्पे पाडण्यात आले, आणि पायऱ्यांवरून येणारा प्रत्येक आवाज हा दंग्याची पूर्वसूचना म्हणून ऐकला जाऊ लागला. ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. पायऱ्यांवरील गाण्याविषयी हळवेपणाने लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये, की त्याच पायऱ्यांवरून कृष्णवर्णीय खेळाडूंना उद्देशून माकडांचे आवाज काढले जात आणि तेही एका सुरात. कायद्याला या समूहस्वराची दखल घेणे प्राप्त झाले. १९९१ च्या फुटबॉल अपराध अधिनियमाने वंशद्वेषी घोषणांना गुन्हा ठरविले. परंतु ‘घोषणा’ या शब्दाची व्याख्या करताना ती एक वा अधिक व्यक्तींच्या साथीने वारंवार केलेली असावी, अशी अट घातली. परिणामी एकट्याने ओरडणारा सुटत असे. ही उणीव १९९९ मध्ये दुरुस्त करण्यात आली. कायदेकारांच्याही मनात मैदानावरील आवाज हा मूलतः समूहाचाच होता, याचा हा बोलका पुरावा होय.

आवाजाचा अर्थ चुकीचा लावल्याने काय होऊ शकते, हे १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर दिसले. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यामधील एफ. ए. चषकाचा उपांत्य सामना तेथे व्हावयाचा होता. लेपिंग्ज लेन बाजूच्या मधल्या कप्प्यांत आधीच दाटी झालेली असताना, बाहेरची गर्दी हलविण्यासाठी पोलिसांनी एक फाटक उघडले आणि ती गर्दी त्याच कप्प्यांत शिरली. पुढे जाळी, मागून रेटा. सामना तीन वाजता सुरू झाला. त्यानंतर काही मिनिटांतच लिव्हरपूलच्या पीटर बीअर्डस्लीचा फटका दुसऱ्या टोकाच्या आडव्या दांडीवर आदळला आणि मैदानभर आरोळी उठली. त्याच वेळी या टोकाला माणसे गुदमरत होती. लिव्हरपूलचा गोलरक्षक ब्रूस ग्रोबेलार त्यांच्यापासून काही पावलांवर होता. आपल्याला मागून मदतीच्या हाका ऐकू आल्या असे त्याने नंतर सांगितले आहे. जाळीवर चढून बाहेर पडणाऱ्यांना पाहून पोलिसांचा प्रथम समज झाला तो मैदानावर आक्रमण होत असल्याचा. सामना तीन वाजून सहा मिनिटांनी थांबविण्यात आला. या दुर्घटनेत अखेर ९७ जणांचा मृत्यू झाला. शेवटचा बळी २०२१ मध्ये, ३२ वर्षांनंतर गेला.

न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हे मुख्य कारण ठरविले, आणि २०१६ मध्ये मृत्युचौकशीच्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाल्याचा व प्रेक्षकांचा त्यात दोष नसल्याचा निर्णय दिला. भर मैदानात, हजारोंच्या आणि दूरदर्शनच्या समक्ष, माणसे ओरडत होती. परंतु दशकभर त्या दिशेने येणाऱ्या आवाजाला केवळ उपद्रव म्हणून ऐकण्याची सवय झालेल्या यंत्रणेला त्या हाका हाका वाटल्या नाहीत. या घटनेची कारणे अनेक आहेत, आणि फाटके, कप्पे व जबाबदार अधिकाऱ्यांचे निर्णय ही त्यांतील प्रमुख होत. तरीही जनघोषाच्या इतिहासात तिचे स्थान या न ऐकण्यामुळे आहे.

टेलर यांच्या जानेवारी १९९० मधील अंतिम अहवालाने उभ्या पायऱ्या काढून सर्वत्र आसने बसविण्याची शिफारस केली. आसने म्हणजे रामबाण उपाय नव्हे, हे त्या अहवालातच म्हटले आहे. शासनाने पहिल्या दोन श्रेणींतील संघांना ऑगस्ट १९९४ ची मुदत दिली. त्याप्रमाणे ३० एप्रिल १९९४ रोजी उभा कॉप शेवटचा भरला. नॉरिच संघाने तो सामना १-० असा जिंकला. त्यानंतर जुनी वास्तू पाडून सुमारे १२,४०० आसनांची नवी वास्तू उभारण्यात आली. ज्या शहराने माणसे गमावली त्यानेच पायऱ्या गमावल्या, आणि तेथील पुष्कळांनी हा बदल आवश्यक मानला.

नव्या कॉपचा आवाज जुन्यासारखा नाही, ही तक्रार तेव्हापासून सातत्याने ऐकू येते. येथे पूर्वीचा हिशेब पुन्हा उपयोगी पडतो. भरभराटीच्या काळातील सुमारे २८,००० माणसांच्या जागी १२,४०० माणसे आली, असे धरले तरी ध्वनीच्या पातळीतील घट साडेतीन डेसिबेलच्या आसपास भरते. कानाला ती जाणवेल, पण तिने एखादी परंपरा नष्ट होणार नाही. शिवाय नवे छप्पर जुन्याहून वाईट परावर्तक असण्याचे काही कारण नाही. तेव्हा बदल संख्येत किंवा पत्र्यात शोधण्यापेक्षा प्रेक्षकाच्या स्थितीत शोधला पाहिजे. उभ्या पायऱ्यांवर माणूस आपली जागा स्वतः निवडी. गाणारे गाणाऱ्यांजवळ जात, मित्र मित्रांजवळ, आणि न गाणारे कडेला. क्रमांक छापलेल्या आसनाने ही निवड संपविली. गाण्याचा आरंभ करणारा पन्नास-शंभरांचा घोळका एकत्र राहिला नाही. बसलेल्या माणसाच्या छातीत श्वासही कमी भरतो, हे गायनाच्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. याशिवाय तिकिटांचे दर चढत गेले, आणि ज्या वयात माणूस मोठ्याने गातो त्या वयाच्या मुलांना ते परवडेनासे झाले. म्हणजे गमावला गेला तो आवाज नव्हे, तर आवाज सुरू करण्याची व्यवस्था. अपवादात्मक रात्री हाच बसका कॉप पुन्हा जागा होतो. ३ मे २००५ रोजी चेल्सीविरुद्ध आणि ७ मे २०१९ रोजी बार्सिलोनाविरुद्ध झालेले युरोपीय उपांत्य सामने याची साक्ष देतात. त्या रात्री आसने होती. कोणी बसले नव्हते, इतकेच.

याच काळात इतरत्र जनघोष हा स्थापत्याचा उघड विषय झाला. लंडनचा आर्सेनल संघ २००६ मध्ये नव्या विस्तीर्ण मैदानात गेला. त्याच्या जुन्या मैदानालाही चेष्टेखोर लोक ‘ग्रंथालय’ म्हणत असत. त्याच शहरातील टॉटनहॅम संघाने २०१९ मध्ये उघडलेल्या मैदानात १७,५०० आसनांचा एकसलग चढ मुद्दाम एका टोकाला रचला. जर्मनीतील डॉर्टमुंड येथील सुमारे २५,००० उभ्या प्रेक्षकांचा चढ हा त्यामागचा आदर्श होता. लीचने जे काटकसरीसाठी केले ते आता संगणकाच्या साहाय्याने आणि पुष्कळ खर्चाने करावे लागते. डेसिबेलच्या विक्रमांची स्पर्धाही सुरू झाली. मार्च २०११ मध्ये इस्तंबूल येथे गालातासराय संघाच्या मैदानावर १३१.७६ डेसिबेलची नोंद झाली. अशा आकड्यांवर फार विसंबू नये. ते क्षणभराच्या शिखराचे असतात आणि मापक यंत्र कोणाच्या तोंडाजवळ धरले यावर पुष्कळच अवलंबून असतात.

जनघोषाचा खेळावर परिणाम होतो काय, या प्रश्नाला मात्र अधिक भरवशाचे उत्तर मिळाले आहे. आणि योगायोगाने तेही ॲनफील्डवरूनच. ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० पात्रताधारक पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यामधील १९९८-९९ च्या हंगामातील सामन्याचे चित्रण दाखविण्यात आले. त्यातील ४७ झटापटींवर त्यांनी निर्णय द्यावयाचा होता. काहींना आवाजासह चित्रण दाखविले, उरलेल्यांना मुके. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी नियमभंग दिले. गर्जना खेळाडूच्या पायांपेक्षा पंचाच्या शिट्टीवर अधिक काम करते, असा याचा अर्थ.

या प्रयोगाची विराट आवृत्ती २०२० मध्ये अनिच्छेने घडून आली. साथीच्या रोगामुळे थांबलेली प्रीमियर लीग १७ जून २०२० रोजी रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. दूरदर्शनच्या प्रेक्षकांसाठी संगणकीय खेळांकरिता ध्वनिमुद्रित करून ठेवलेला जनघोष चित्रणावर चढविण्यात आला. म्हणजे मैदानावरून खेळात गेलेला आवाज खेळातून मैदानावर परत आला. लिव्हरपूलने त्याच हंगामात तीस वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळविले, आणि २२ जुलैला विजयचषक संघाच्या हाती आला तो रिकाम्या कॉपवर उभारलेल्या मंचावर. पुढील हंगाम तर जवळजवळ संपूर्णच प्रेक्षकांविना गेला. त्यातील ३८० सामन्यांपैकी १४४ यजमानांनी जिंकले आणि १५३ पाहुण्यांनी; प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांचे विजय अधिक होण्याची ही पहिलीच वेळ. ॲनफील्डवर लीगमध्ये सलग ६८ सामने अपराजित राहिलेला संघ जानेवारी ते मार्च २०२१ या काळात तेथेच सलग सहा सामने हरला. जखमी खेळाडूंची उणीव हे त्याचे एक मोठे कारण होते, आणि सर्व श्रेय वा दोष शांततेच्या पदरी टाकणे योग्य होणार नाही. तथापि मुक्या कॉपसमोर काय घडते, हे त्यापूर्वी कोणालाही पाहावयास मिळाले नव्हते.

दरम्यान उभे राहण्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला होता. प्रत्येक रांगेपुढे कमरेइतका लोखंडी कठडा आणि मिटता येण्याजोगी आसने, अशी जर्मन पद्धतीची रचना सुचविली जात होती. हिल्सबरोतील मृतांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने तिला दीर्घकाळ विरोध केला. २०१७ मध्ये लिव्हरपूलच्या समर्थकांच्या संघटनेने आपल्या सदस्यांचा कौल घेतला तेव्हा बहुमत अशा जागांच्या बाजूने पडले. २०२१ मध्ये कॉपच्या काही भागांत कठडे बसले. प्रीमियर लीगमध्ये अशा जागांवर अधिकृत परवान्याने उभे राहून पाहिलेला पहिला सामना २ जानेवारी २०२२ रोजी लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानावर झाला. तो २-२ असा बरोबरीत सुटला, आणि पाहुणा संघ लिव्हरपूल होता.